उगाच औषध न देणारा बालरोगतज्ज्ञ सोलापुरात कसा ओळखायचा?

प्रश्न असा आहे: "जुळे सोलापुरात राहतो. मुलगी सात महिन्यांची, वजन साडेसात किलो. गेल्या तीन महिन्यांत तीनदा सर्दी-खोकला झाला आणि तिन्ही वेळा अँटिबायोटिक, वर दोन-दोन सिरपं. सासूबाई म्हणतात घुटी सुरू करा, शेजारचे म्हणतात सुवर्णप्राशन द्या. नैसर्गिक पद्धत मानणारा बालरोगतज्ज्ञ कसा शोधायचा? आणि लसी थोड्या उशिरा दिल्या तर चालेल का?"

तुमच्या प्रश्नात दोन मागण्या एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, लेकराला उगाच औषध नको. दुसरी, द्यायचंच तर ते 'नैसर्गिक' असावं. पहिली मागणी रास्त आहे, आणि ती कुठल्या वेगळ्या पंथाची नाही. बालरोगाच्या पाठ्यपुस्तकात तेच लिहिलेलं आहे. दुसरीच्या मागे लागलात तर बहुतेक वेळा बाटली बदलते, चमच्यांची संख्या तेवढीच राहते. काही दवाखान्यांत सकाळ-संध्याकाळ चार सिरपं असतात, काही ठिकाणी चार 'हर्बल' सिरपं. साध्या सर्दीच्या बाळाला दोन्हींची गरज नसते.

म्हणून पाटी वाचत फिरू नका. घरात पडलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढा. डॉक्टरची सवय चिठ्ठीत दिसते.

सगळ्यात आधी वजन बघा. लहान मुलाचा डोस किलोवर ठरतो, वयावर नाही. चिठ्ठीवर त्या दिवशीचं वजन नसेल तर डोस अंदाजानं लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. एका वेळी किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत एकूण किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर नाही. साडेसात किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम पुरतं. आता दुकानात तेच औषध तीन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि थेंबांच्या बाटलीत दर मिलीला १०० मिलिग्रॅम. म्हणजे १०० मिलिग्रॅमसाठी पहिल्या बाटलीतून साधारण ४ मिली, दुसरीतून २ मिली, थेंबांतून फक्त १ मिली. घोळ नेमका इथं होतो. एकदा सिरप ४ मिली दिलेलं लक्षात असतं, पुढच्या वेळी दुकानदार थेंबांची बाटली देतो, रात्री झोपेत तीच ४ मिली बाळाच्या तोंडात जाते. एका दमात ४०० मिलिग्रॅम. चांगला डॉक्टर चिठ्ठीवर 'मिली' लिहून थांबत नाही. कुठल्या ताकदीची बाटली तेही लिहितो, आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाची पिचकारी वापरायला सांगतो.

दुसरं, आजाराचं नाव. "व्हायरल सर्दी", "दम्याकडे झुकणारा खोकला", "डाव्या कानाला सूज" असं काहीतरी लिहिलेलं असावं. निदान नाही आणि औषधं पाच, अशी चिठ्ठी म्हणजे अंधारात मारलेले पाच दगड.

तिसरं, औषधांची संख्या आणि नावं. साध्या सर्दीत नाकात टाकायचे मिठाच्या पाण्याचे थेंब आणि ताप असेल तर पॅरासिटामॉल, एवढ्यावर चिठ्ठी संपायला हवी. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे आणि त्यानंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणंही. नाकातून पिवळं-हिरवं आलं म्हणून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही. तेव्हा तीन महिन्यांत तीन सर्द्या म्हणजे 'इम्युनिटी कमी' असं मनात धरू नका. वजन नीट वाढतंय, मधल्या काळात बाळ खेळतंय, मग तिची प्रतिकारशक्ती आपलं काम शिकते आहे. 'इम्युनिटी'ची सिरपं लिहिणाऱ्या डॉक्टरला ती नेमकी कशानं वाढते ते विचारा. उत्तर देताना चेहरा बघण्यासारखा असतो.

सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपांबद्दल तर आता वादही उरलेला नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच कळवलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या कफ सिरपनं लहान मुलं दगावली, त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे टाळावीत असं बजावलं. तुमच्या मुलीच्या चिठ्ठीत आजही असं सिरप असेल तर डॉक्टर बदलायला तेवढं कारण पुरे. तापासाठी निमेसुलाईड लिहिलेलं दिसलं तर त्याहून आधी बदला. १२ वर्षांखाली ते भारतात २०११ पासून बंद आहे.

चौथी खूण मला सगळ्यात मोलाची वाटते. "थांबून बघू" म्हणणारे डॉक्टर बरेच असतात. कधीपर्यंत थांबायचं आणि काय दिसलं तर थांबायचं नाही, हे लिहून देणारे थोडे. हाच डॉक्टर तुम्हाला हवा आहे. "तीन दिवसांत ताप उतरला नाही तर आणा, त्याआधी श्वास मिनिटाला ५० च्या वर गेला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, दूध घेणं निम्म्यावर आलं किंवा आठ तास लघवी झाली नाही तर लगेच आणा." अशा दोन ओळी चिठ्ठीच्या तळाशी असतील तर त्या माणसाला कमी औषध देण्याचा हक्क आहे. त्या नसतील तर कमी औषध म्हणजे निव्वळ नशिबावर सोडणं.

श्वास मोजणं घरी जमतं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोट-छाती उघडी ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं; पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं तर चूक होते, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान. तेव्हा काढा नाही, तपासणी.

इथंच उलट बाजूही सांगायला हवी. कधीच अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर हा नेहमीच देणाऱ्याइतकाच धोक्याचा. न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागतंच, आणि तिथं बहुतेकदा साधं अमॉक्सिसिलिन पुरतं. मुलीला सर्दी-खोकला काहीच नाही, फक्त ताप आहे, तर लघवीची तपासणी व्हायला हवी, कारण लहान मुलींत लघवीचा संसर्ग असाच लपून येतो आणि वेळेत औषध मिळालं नाही तर मूत्रपिंडाला इजा करतो. कानाच्या दुखण्यात मात्र मूल सहा महिन्यांच्या पुढचं, दुखणं एकाच कानाचं आणि सौम्य असेल तर ४८ ते ७२ तास वेदनाशामकावर वाट बघता येते. डॉक्टरनं कानात दुर्बिणीनं पाहिलं का, हे त्यासाठी बघायचं. कान न बघता "कानाचं इन्फेक्शन" म्हणून सेफिक्झिम किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. तशीच दुसरी खोड विडालची. दोन दिवसांच्या तापात एकदा विडाल करून "टायफॉईड निघाला" म्हणतात. त्या एकट्या तपासणीवर टायफॉईड ठरत नाही. खरा संशय असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्ताचं कल्चर पाठवतात.

दम्याच्या मुलांचे पालक 'नैसर्गिक'च्या नादात सगळ्यात जास्त फसतात. पंप नको, सवय लागते, त्यापेक्षा सिरप बरं, असं घरोघर ऐकू येतं. आकडे बघा. सालब्युटामॉलच्या सिरपात ५ मिलीला २ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, आणि ते पोटातून सगळ्या अंगात फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, थेट फुप्फुसात. कमी औषध हवं असेल तर पंप आणि मास्क लावलेला स्पेसर (पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी) हाच मार्ग आहे. स्पेसरशिवाय नुसता पंप लहान मुलाच्या तोंडात मारला तर औषध घशातच चिकटतं, आणि मग "पंपानं काही होत नाही" म्हणतात. जो डॉक्टर स्पेसर हातात घेऊन लावायचा कसा ते दाखवतो, तो तुमच्या कामाचा.

आता घुटी. सासूबाईंशी भांडू नका, पण सात महिन्यांची झाली म्हणून सहाण बाहेर काढायचीही घाई नको. सहाणेवर वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम उगाळतात. त्यात खारीक-बदामाचा प्रश्न नाही. वेखंडानं बाळाला उलट्या होतात, जायफळानं गुंगी येते. "घुटी दिल्यापासून छान झोपते" यामागे पुष्कळदा ही गुंगीच असते. मात्रा वेढ्यांत मोजतात, आणि एका आजीचा वेढा दुसरीच्या तीन वेढ्यांएवढा. सहाण नीट धुतलेली नसते, पाणी उकळलेलं नसतं, मग त्याच घुटीनं जुलाब लागतात आणि त्यावर पुन्हा मुरडशेंग वाढवतात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला तरी वरचं पाणीसुद्धा नाही. दुधात पाणी असतंच, फक्त जास्त वेळा पाजायचं. सहा महिन्यांनंतर खारीक, बदाम, शेंगदाणे द्यायचेच तर अन्न म्हणून द्या: ज्वारीच्या किंवा नाचणीच्या पेजेत बारीक कुटाचा चमचा, मूगडाळीच्या मऊ खिचडीवर तूप. आख्खा शेंगदाणा मात्र पाच वर्षांपर्यंत हातात देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो. शेंगांच्या जिल्ह्यात हे सांगणं जिवावर येतं, पण दुर्बीण घालून काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा कायम पुढे असतो.

मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटणातही नाही. त्यातल्या बोट्युलिझमच्या बीजाणूंना मोठ्यांचं पोट दाद देत नाही, तान्ह्याचं देतं आणि बाळ लुळं पडतं. वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्यावर झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध हा बाजारातल्या सिरपांपेक्षा बरा उपाय आहे, आणि चांगला बालरोगतज्ज्ञ तो आपणहून सांगेल. कापूर नाकाशी किंवा छातीवर चोळू नका, पोटात गेला तर झटके येतात. कापूर-मेंथॉलचे बामही दोन वर्षांखाली नकोत. काजळात शिसं निघतं. शेगडीवरची धुरी छातीला त्रासच देते. वाफ देताना पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात. त्यापेक्षा नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब, पाजण्याआधी. मालिशला काही हरकत नाही, खोबरेल किंवा करडईचं तेल चालतं, फक्त नाका-कानात आणि बेंबीत सोडायचं नाही.

सुवर्णप्राशनाचं उत्तर त्यातच अर्धं आलं: ते मध-तुपात असतं, म्हणून वर्षाच्या आत नाही. त्यानंतर द्यायचंच असेल तर बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, घटकांचं प्रमाण आणि मुदत छापलेली हवी. पुष्य नक्षत्राच्या शिबिरात एकाच बिनलेबलाच्या बाटलीतून रांगेतल्या सगळ्या पोरांच्या तोंडात थेंब सोडतात, तिथं रांगेत उभं राहू नका. प्रतिकारशक्ती वाढते, बुद्धी वाढते हे दावे पुराव्याच्या बरेच पुढे पळालेले आहेत, आणि लसीची जागा ते घेत नाही. हे वाक्य जो वैद्य स्वतः म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

वैद्य म्हटलं की पदव्यांचा गोंधळ येतो. बालरोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीएनबी बालरोग, किंवा डीसीएच ही बालरोगाची पदविका. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आयुर्वेदातला बालरोगाचा विभाग म्हणजे कौमारभृत्य. बीएएमएसला तो विषय असतोच, त्यात एमडीही करता येतं, आणि नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. होमिओपॅथीची परिषद वेगळी. दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक दिसायला हवा. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पाटीवर नुसतं 'बालरोग' किंवा 'चाइल्ड क्लिनिक' असेल तर पदवी विचारायला लाजू नका. आणि एक गैरसमज काढून टाका: आयुर्वेदाची पाटी म्हणजे अँटिबायोटिक नाही, असं नसतं. आपल्या राज्यात बीएएमएस डॉक्टरांना आधुनिक औषधं लिहायला मुभा आहे आणि अनेक जण लिहितात. उलट काही एमडी बालरोगतज्ज्ञ महिनोन्‌महिने साध्या सर्दीला एकही अँटिबायोटिक लिहीत नाहीत.

नाव नसलेल्या पुड्या मात्र कुणाकडूनच घेऊ नका, मग देणारा कुठल्याही पॅथीचा असो. गोळ्या कुटून केलेल्या पुडीत काय आहे हे रात्री झटका आला तर पुढच्या डॉक्टरला कळायला हवं. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडीनं जुना दमा किंवा खरूज दोन दिवसांत जादूसारखी थांबली, मुलाचं तोंड गोल व्हायला लागलं, भूक वेड्यासारखी वाढली, तर त्यात स्टेरॉईड असल्याचा संशय घ्यायचा. अशी पुडी एकदम बंदही करायची नसते. पुडी घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जायचं.

शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, आणि त्याला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला, म्हणजे आपल्या सिव्हिलला, स्वतःचा बालरोग विभाग आहे. गर्दी असते, थांबावं लागतं, पण शंका असलेल्या चिठ्ठीवर दुसरं मत घ्यायला ती जागा चांगली. तिथं कुणाला सिरप खपवायचं नसतं. आयुर्वेदाचं मत हवं असेल तर शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयही गावातच आहे. दोन्हीकडे जात असाल तर दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. लपवलेल्या काढ्यानं जेवढे घोटाळे होतात तेवढे उघड दिलेल्या काढ्यानं होत नाहीत.

लसी. नाही, उशीर चालत नाही. डांग्या खोकला आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक जिवाणू) यांचा सगळ्यात मोठा मार पहिल्या वर्षातच असतो; म्हणून ६, १० आणि १४ आठवडे हे वेळापत्रक आहे, कुणाच्या सोयीसाठी नाही. एकेक लस सुटी करून लांबवली तर सुया वाढतात आणि मधले उघडे महिने वाढतात, फायदा काहीच होत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला तेव्हा मुख्यतः लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलंच सापडली. त्यामुळे "लसी नको असतील तरी चालेल" म्हणणारा डॉक्टर तुम्हाला मोकळ्या मनाचा वाटेल, पण यादीतून पहिलं नाव त्याचंच खोडा.

लसीबाबत चर्चा करायला जागा आहे, ती वेगळीकडे. 'पेनलेस' म्हणून विकली जाणारी महागडी लस घ्यायची का? सरकारी पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीतला डांग्या खोकल्याचा घटक पूर्ण पेशींचा, म्हणजे मारलेल्या अख्ख्या जिवाणूचा असतो; ताप आणि सूज थोडी जास्त येते, पण संरक्षण जास्त टिकतं. महागड्या लसीत तो अपेशीय, म्हणजे जिवाणूचे फक्त काही भाग घेतलेला असतो. त्रास कमी, टिकणं कमी. पैसे वाचवून साधी लस घ्या असं सांगणारा बालरोगतज्ज्ञ भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवा. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात राष्ट्रीय वेळापत्रकातल्या सगळ्या लसी फुकट आहेत, त्यात रोटाव्हायरस आणि न्यूमोकॉकलही आलं. त्याबाहेरच्या लसींत टायफॉईडची कॉन्ज्युगेट लस (सहा महिन्यांपासून देता येते) आपल्याकडच्या पाण्याचा विचार करता आधी घ्यावी. बाकीच्यांचा क्रम डॉक्टरनं कारणांसह सांगावा.

दवाखाना निवडताना बाळ बरं असताना एकदा जाऊन या. तापलेल्या लेकराला कडेवर घेऊन कुणाला प्रश्न सुचत नाहीत. आत गेल्यावर भिंती बघा. बाळाच्या दुधाच्या पावडरीचं पोस्टर, कंपनीचं कॅलेंडर, फुकट डबा दिसला तर १९९२ च्या कायद्यानं त्याला मनाई आहे, आणि आईचं दूध कमी पडतंय असं तिथं फार लवकर ठरवलं जाईल. बाळ रोज सहा किंवा जास्त वेळा लघवी करतंय, वजनाची रेघ वर जातेय, तर दूध कमी नाही. ती रेघ म्हणजे वाढीचा तक्ता डॉक्टर दर भेटीत भरतो का, हेही बघा. विचारायचे प्रश्न फार नकोत. "सर्दीला अँटिबायोटिक कधी देता?" "जुलाबाला काय देता?" "रात्री, रविवारी तुम्ही नसलात तर कोण बघतं?" एवढे बास.

जुलाबाचा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण तिथं खरं उत्तर एकच आहे: ओआरएस आणि झिंक. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीत. मोठं पाकीट पेल्यात कालवलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या हेही नको, कारण पुडीत मीठ-साखर सारखी मिसळलेली राहत नाही. दोन वर्षांखाली प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. झिंक सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. आईचं दूध आणि भात-डाळ चालू. ओआरएससारखी दिसणारी फळांच्या चवीची गोड पेयं वेगळी. त्यांत साखर जास्त असल्यानं जुलाब वाढतात, आणि ऑक्टोबर २०२५ पासून त्यांना तसं नाव लावायलाही मनाई झाली आहे. ओआरएसच्या आधी अँटिबायोटिकचं नाव निघालं तर ऐकून घ्या, धन्यवाद म्हणा, पुढचा दवाखाना बघा.

भाषेचंही बघा. आपल्या गावात निम्मा सल्ला तेलुगू, कन्नड किंवा उर्दूतून आजीपर्यंत पोचावा लागतो. आजीला तिच्या भाषेत समजावणारा डॉक्टर असेल तर घुटीचा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. नाहीतर सुनेनं कितीही सांगितलं तरी सहाण दुपारी बाहेर येतेच.

घरातल्या गोष्टी विचारणारा डॉक्टर नैसर्गिक पद्धतीच्या सगळ्यात जवळचा. घरात विड्या वळतात का, तंबाखूचं सुपडं बाळाच्या पाळण्याजवळ असतं का, यंत्रमागावरचे कपडे न बदलता बाळाला घेतात का, घरात कुणी ओढतं का. सारख्या सर्द्यांवर तंबाखू दुसऱ्या खोलीत हलवणं आणि पाजण्याआधी हात साबणानं धुणं, याला तोड देणारं सिरप निघालेलं नाही. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंपं भरून ठेवावी लागतात. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी केली नाहीत तर डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. पावसाळ्यानंतरच्या तापात आयब्युप्रोफेन नको, फक्त पॅरासिटामॉल. पपईच्या पानांच्या रसावर भिस्त ठेवून रक्ततपासणी आणि द्रवाचं मोजमाप टाळू नका. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे एक-दोन दिवस सुरू होतात.

डॉक्टर बदलायचा ठरला तर जुन्या दवाखान्यातून कागद मागून घ्या. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. तुमच्या मुलीची पुढची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आहे: गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकॉकलचा बूस्टर, पोलिओच्या सुईचा तिसरा डोस आणि सोबत 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला चमचा. त्याच्या पंधरा दिवस आधी, ती खेळत असताना, नव्या डॉक्टरची पहिली भेट घ्या. सोबत माता व बाल संरक्षण कार्ड, जुन्या तिन्ही चिठ्ठ्या आणि घरातल्या अर्धवट उरलेल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत न्या. डॉक्टर त्यातल्या कुठल्या बाटल्या फेकायला सांगतो ते बघा.